स्कारबरो फेअर: शब्दांशिवाय बॅलड कसं वाजवावं

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरो गावाला तिसऱ्या हेन्री राजाने १२५३ साली जत्रेची सनद दिली. १५ ऑगस्टपासून मायकलमसपर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत, तिथे व्यापारी जमत. १७८८ साली ती जत्रा बंद पडली, पण तिचं नाव ‘स्कारबरो फेअर’ या बॅलडमध्ये, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतात, टिकून राहिलं. हे बॅलड मूळचं ‘एल्फिन नाइट’ या जुन्या कुळातलं. लोकगीतांचे अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या १८८२ ते १८९८ या काळात निघालेल्या ३०५ बॅलडांच्या संग्रहात त्याचा क्रमांक दुसरा आहे. आज सर्वत्र ऐकू येणारी चाल मात्र बरीच उशिरा नोंदली गेली. लोकगायक यूअन मॅकॉल यांनी ती उत्तर इंग्लंडच्या टीसडेल खोऱ्यातल्या शिशाच्या खाणीत काम केलेल्या मार्क अँडरसन यांच्याकडून १९४७ साली घेतली.

गिटार, टिन व्हिसल (धातूची छोटी उभी बासरी) आणि व्हायोलिन अशा तीन वाद्यांसाठी या चालीचं संयोजन कसं करायचं ते इथे दिलं आहे. व्हिसलऐवजी बासरी आणि व्हायोलिनऐवजी हार्मोनियम चालते, आणि ते बदलही जागच्या जागी सांगितले आहेत. तिन्ही वादक हौशी असले तरी चालेल. गिटारवाल्याला अंगठा आणि बोटं वेगवेगळी चालवता यावीत आणि व्हायोलिनवाल्याला पहिल्या पोझिशनमध्ये डी मेजर सुरात वाजवता यावी, एवढी तयारी पुरते.

आधी शब्द वाचा, मग बाजूला ठेवा

वाद्यावर वाजवायचं असलं तरी शब्द माहीत नसले तर संयोजन भरकटतं. या बॅलडमध्ये प्रियकर आपल्या पूर्वीच्या प्रेयसीला अशक्य कामं सांगतो: शिवणीशिवाय, सुईचा टाका न घालता तलम सदरा शिव. तीही त्याला तितकीच अशक्य कामं सांगते: खारं पाणी आणि वाळूची कड यांच्यामध्ये एकरभर जमीन शोध, मेंढ्याच्या शिंगाने ती नांगर, तिच्यात मिरीचा एक दाणा पेर, चामड्याच्या विळ्याने पीक काप. थोडक्यात, हे दोघांचं भांडण आहे, आणि त्या भांडणाखाली अजून प्रेम शिल्लक आहे.

आता रचना पाहा. प्रत्येक कडवं चार ओळींचं आहे. पहिली आणि तिसरी ओळ कडव्यागणिक बदलते. दुसरी ओळ चार वनस्पतींची नावं घेते, चौथी ‘खऱ्या प्रेमा’वर येऊन थांबते, आणि या दोन ओळी जवळजवळ तशाच परत येतात. आपल्याकडच्या भाषेत ही दोन पालुपदं झाली, एक कडव्याच्या मध्ये आणि एक शेवटी.

शब्द गेले की ऐकणाऱ्याला फक्त चाल उरते, आणि पाच वेळा तीच चाल ऐकली की कंटाळा येतो. बहुतेक हौशी संयोजनं तिसऱ्या कडव्यात दम सोडतात ते यामुळेच. दर कडव्याला नवं वाद्य आणत राहिल्याने हा प्रश्न सुटत नाही. बॅलडने केलं तेच करायचं: पहिली आणि तिसरी ओळ बदलत्या वाद्याला द्यायची, आणि दुसरी-चौथी एकाच वाद्याकडे, एकाच पद्धतीने ठेवायची. आमच्या मांडणीत हे पालुपद गिटारकडे आहे. चौथ्या कडव्यात ते मुद्दाम काढून घेतलं आहे, आणि ती पोकळी ऐकणाऱ्याला शब्दांशिवायही जाणवते.

पट्टी: ई डोरियन, पांढरी तीन

चाल डोरियन मोडमधली आहे. स्वर मोजले तर हा आपला काफी थाट: ग आणि नी कोमल, बाकी सगळे शुद्ध. राग काफी मात्र इथे आणू नये. काफीची चलनं, मींड, ठुमरीचा लहेजा यातलं काहीही या चालीत बसत नाही. फक्त स्वरसंच एक आहे.

सा म्हणून ई, म्हणजे पांढरी तीन घ्या. स्वर असे पडतात: ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प, डी. डी मेजर स्केलचेच हे सात स्वर आहेत, फक्त मुक्काम ई वर. ही पट्टी निवडण्यामागे तीन कारणं आहेत. चालीचा सर्वांत खालचा स्वर डी आहे, आणि डी व्हिसलची सगळी भोकं बंद केली की नेमका तोच वाजतो. गिटारवर पूर्ण चाल चौथ्या मोकळ्या तारेपासून पहिल्या मोकळ्या तारेपर्यंत बसते आणि खाली सहावी मोकळी तार खर्जासारखी मिळते. व्हायोलिनवर डी मेजरचीच बोटं लागतात.

बासरी असेल तर जी पट्टीची, म्हणजे पांढरी पाच घ्या. सहा भोकं बंद केल्यावर ट्यूनरवर डी दिसला पाहिजे. गंमत अशी की या बासरीवर यमनचे स्वर ठेवायचे आणि मंद्र धैवताला सा मानायचं, की आपोआप हा डोरियन मिळतो. एकही भोक अर्धं उघडावं लागत नाही. हार्मोनियमवर पट्ट्या अशा: पांढरी ३, काळी ३, पांढरी ५, ६, ७, मग वरच्या सप्तकातली काळी १ आणि पांढरी २.

नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये इथेच एक चूक हटकून होते. ‘ई मायनर’ निवडलं की एकच शार्प येतो आणि सी शार्पचा सी होतो. डी मेजरची, दोन शार्पची सही (की सिग्नेचर) निवडा आणि ई ला घर माना.

चाल, एकेक बार

ताल तीन मात्रांचा, म्हणजे तीन मात्रांचा एक बार, वेग मिनिटाला ९६ मात्रा. खाली कोमल ग आणि कोमल नी साधे ‘ग’, ‘नी’ असेच लिहिले आहेत, कारण शुद्ध ग-नी इथे येतच नाहीत. ‘सां’ तार सप्तकातला, ‘.नी’ मंद्रातला, आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवणं, ‘०’ म्हणजे विश्रांती.

ओळ १ (बार १ ते ४): सा – सा | प प प | रे ग रे | सा – –
ओळ २ (बार ५ ते ८): ० प नी | सां – नी | प ध म | प – –
ओळ ३ (बार ९ ते १३): – – सां | सां – सां | नी – प | प म ग | रे .नी –
ओळ ४ (बार १४ ते १८): सा – प | म ग रे | सा – .नी | सा – – | – – –

तिसऱ्या बारमध्ये पहिला रे दीड मात्रेचा आणि ग अर्ध्या मात्रेचा ठेवा. तेवढ्याने चालीला गाण्याचा झोका येतो, तिन्ही समान वाजवले की ती पाठ म्हटल्यासारखी होते. गायक लांबी थोडीफार बदलतात. तीन वाद्यं एकत्र वाजणार असतील तर एकच लांबी लिहून ठेवणं भाग आहे, म्हणून हा पाठ पक्का केला आहे.

बार मोजा: अठरा. सोळा नव्हेत. तिसऱ्या ओळीला एक बार जास्त आहे आणि शेवटी सा धरून ठेवण्याचा एक. लूपवर सराव करणारे सोळा बारांचा ट्रॅक लावतात आणि तिसऱ्या ओळीपासून कॉर्ड (साथीला एकत्र वाजणारे स्वर) एकीकडे, चाल दुसरीकडे जाते. ५४ मात्रा म्हणजे दादऱ्याची बरोबर नऊ आवर्तनं होतात, त्यामुळे तबला जोडायचा मोह होईल. गणित जुळलं तरी दादऱ्याचा ठेका या चालीचा मोकळेपणा मारतो. तबला नको.

आता या चालीतला सगळ्यात महत्त्वाचा स्वर. पूर्ण कडव्यात शुद्ध ध फक्त एकदा येतो, सातव्या बारच्या दुसऱ्या मात्रेला, एक मात्रा. बाकी सतरा बारांत ध नाहीच. म्हणजे ही चाल डोरियन आहे की साधी मायनर, याचा निर्णय ५४ पैकी एका मात्रेवर होतो. तो स्वर बेसूर गेला, घाईत गेला किंवा त्याच्याखाली चुकीचा कॉर्ड आला, तर चालीचा रंगच जातो. संयोजनातले निम्मे निर्णय या एका मात्रेभोवती घ्यायचे आहेत.

कॉर्ड

चारच कॉर्ड लागतात: ई मायनर, डी, जी आणि ए मेजर.

बार १, २: ई मायनर
बार ३: डी
बार ४: ई मायनर
बार ५: जी
बार ६: ई मायनर
बार ७: पहिली मात्रा जी, दुसरी-तिसरी ए मेजर
बार ८, ९, १०: ई मायनर
बार ११, १२: जी
बार १३: डी
बार १४: ई मायनर
बार १५, १६: डी
बार १७, १८: ई मायनर

सातव्या बारमधला ए मेजर म्हणजे म-ध-सा. शुद्ध ध त्याच्या पोटात आहे, म्हणून तो चालीतल्या त्या एका स्वराला खालून आधार देतो. इथे ए मायनर वाजवला तर कॉर्डमधला कोमल ध आणि चालीतला शुद्ध ध एकमेकांवर आदळतात. हे लगेच ऐकू येतं आणि दुरुस्तही होतं. जास्त फसवी चूक सी मेजरची आहे. बार ५ किंवा ११ मध्ये जीऐवजी सी बरा वाटतो, चालीशी फारसा भांडतही नाही, पण तो कोमल ध कानात पेरून ठेवतो. मग सातव्या बारमधला शुद्ध ध ऐकणाऱ्याला चूक वाटू लागतो. शेवटी बी सेव्हन्थ तर अजिबात नको. त्यात शुद्ध नी आहे, आणि या चालीचा शेवट कोमल नीवरून सा वर येतो. ते वर चढणं मऊ आहे, त्याला टोक काढू नये.

कीबोर्डवर तयार स्टाइल लावून साथ करणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. ‘ई मायनर’ दाबलं की पुष्कळ स्टाइल आपणहून बेसमध्ये सी घालतात. स्टाइल बंद करा, हाताने वाजवा.

गिटार: चाल आणि खर्ज एकत्र

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, कॅपोशिवाय (कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा). स्वरांच्या जागा: .नी चौथी तार मोकळी, सा चौथी तार दुसरा पडदा, रे चौथी तार चौथा पडदा, ग तिसरी मोकळी, म तिसरी तार दुसरा पडदा, प दुसरी मोकळी, ध दुसरी तार दुसरा पडदा, नी दुसरी तार तिसरा पडदा, सां पहिली मोकळी.

अंगठा प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला एकच बेस वाजवतो. ई मायनरच्या बारांत सहावी तार मोकळी. डीच्या बारांत पाचवी मोकळी, कारण चौथी तार चालीत अडकलेली असते. जीच्या बारांत सहाव्या तारेचा तिसरा पडदा, मधल्या बोटाने. हे बोट का, ते अकराव्या-बाराव्या बारमध्ये कळतं: नी अनामिकेने आणि म तर्जनीने येतो, बेस सोडावा लागत नाही. सातव्या बारमध्ये पहिल्या मात्रेला हाच बेस, दुसऱ्या मात्रेला पाचवी मोकळी तार आणि त्याच क्षणी तर्जनीने ध.

इथे दोन जागा हमखास बिघडतात. तिसऱ्या बारमध्ये रे आणि ग वेगवेगळ्या तारांवर वाजवले तर दोन्ही एकत्र घुमतात, आणि अर्ध्या सुराचं ते अंतर किरकिरतं. म्हणून या बारमध्ये ग तिसऱ्या मोकळ्या तारेवर न घेता चौथ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर घ्या. बार १२-१३ आणि १५ मध्ये मात्र मोकळी तिसरी तारच सोयीची आहे. तिथे रे छेडताना उजव्या हाताची तर्जनी तिसऱ्या तारेला अलगद टेकवून ती गप्प करा. आधी हे मुद्दाम करावं लागतं, आठवडाभरात हात स्वतःहून करतो.

शेवटच्या कडव्यात गिटार चाल सोडून पूर्ण कॉर्डवर जाते. प्रत्येक बारमध्ये सहा अर्ध्या मात्रा: अंगठा बेसवर, मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी तार. हा नमुना अठरा बार तसाच फिरवला तर शिवणयंत्र चालल्यासारखा वाटतो. ओळीच्या शेवटच्या बारांत, म्हणजे ४, ८, १३ आणि १७ मध्ये, फक्त बेस आणि एक कॉर्ड वाजवून हात थांबवा. त्या थांबण्यात चाल श्वास घेते.

ज्यांना ट्यूनिंग बदलायची सवय आहे त्यांनी डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंग दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून करून पाहावी. गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ब्रिटिश लोकसंगीतात रुळवली. मोकळ्या तारांत ग नसल्यामुळे मेजर-मायनरचा प्रश्नच मोकळा राहतो. जुन्या चालींना ते फार शोभतं. बोटांच्या जागा मात्र सगळ्या नव्याने बसवाव्या लागतील.

व्हिसल किंवा बासरी

व्हिसल लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजते, त्यामुळे ती गिटार-व्हायोलिनच्या वर आपोआप मोकळी ऐकू येते. अडचण पाचव्या-सहाव्या बारमध्ये आहे. नी (डी) आणि सां (ई) दुसऱ्या सप्तकात जातात, फुंक वाढवावी लागते, आणि आधीच्या ‘प’च्या मानाने ते किंचाळतात. वरच्या डीसाठी पाच भोकं बंद ठेवून सर्वांत वरचं उघडं ठेवा. कमी फुंकेत स्वर स्वच्छ लागतो. सां वर फुंक स्थिर ठेवा, वाढवत नेली तर स्वर चढतो.

सातव्या बारचा ध म्हणजे सगळी भोकं उघडी. त्या क्षणी वाद्याला बोटांचा आधार उरत नाही, व्हिसल ओठांवर हलते आणि नेमका तो मोलाचा स्वर डळमळतो. उजवी करंगळी सर्वांत खालच्या भोकाच्याही खाली नळीवर टेकवून ठेवा. ‘प-ध-म’ हे तीन स्वर सुटे काढून ट्यूनरसमोर दिवसाला वीस वेळा वाजवा. या संपूर्ण संयोजनात सरावाचा वेळ कुठे घालवावा असं विचारलं तर उत्तर हेच आहे.

श्वास पाचव्या बारच्या विश्रांतीत आणि तेराव्या बारनंतर घ्या. नवव्या बारच्या आधी प लांब धरायचा आहे, तिथे श्वास घेतला की ओळ तुटते. बासरीवाल्यांना एक विनंती: सा वरून प वर जाताना मींड घेऊ नका. ही उडी सरळ, स्वच्छ उडीच असली पाहिजे. हवं तर प ला वरच्या स्वराचा छोटा कण द्या, तोही कडव्यात एकदाच.

धातूची व्हिसल थंड असताना उतरलेली असते. हातात धरून, हलकी फुंक घालून पाचेक मिनिटं गरम करा आणि मगच तिचं डोकं सरकवून सूर मिळवा. गिटार आणि व्हायोलिन तिच्याशी जुळवा. उलटं करायला गेलात तर तिसऱ्या कडव्यापर्यंत व्हिसल वर गेलेली असेल.

व्हायोलिनची दुसरी चाल

तिसऱ्या कडव्यात व्हायोलिन मुख्य चाल वाजवते, मधल्या सप्तकात, गजाचा दाब कमी आणि कंपन जवळजवळ नाही. चौथ्या कडव्यात तिचं काम वेगळं आहे: सा आणि प एकत्र धरायचे. सा डी तारेवर, प ए तारेवर, दोन्ही पहिल्याच बोटाने. म्हणजे बोटाचा शेंडा आडवा टाकून एकाच वेळी दोन तारा दाबायच्या. बोट जरा तिरकं पडलं तरी एक स्वर चढतो. आधी गजाने एकेक तार वाजवून तपासा, मग दोन्ही.

पाचव्या कडव्यात व्हिसलच्या मुख्य चालीखाली व्हायोलिन ही दुसरी चाल वाजवते. एका बारला एक स्वर, फक्त सातव्यात दोन:

बार १ ते ४: सा | ग | म | प
बार ५ ते ८: प (धरून) | ग | ग सा – | ग
बार ९ ते १३: ग (धरून) | प | ग | .नी | म
बार १४ ते १८: ग | रे | म | प | प (धरून)

शेवटी मुख्य चाल प-म-ग-रे-सा अशी उतरत येते आणि ही दुसरी चाल रे-म-प अशी चढते. दोन्ही सा आणि प वर भेटतात. सातव्या बारकडेही लक्ष द्या: मुख्य चाल ध वर असताना इथे सा आहे, म्हणजे ए मेजर कॉर्डचाच स्वर. या दुसऱ्या चालीत ध कुठेही ठेवलेला नाही. तो एकदाच, मुख्य चालीतच ऐकू यावा.

हार्मोनियमवर वाजवायची असेल तर ही ओळ सोपी जाते. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही वाजवणारी कळ) लावू नका, आणि भाता इतकाच चालवा की स्वराची सुरुवात कानाला जाणवू नये.

पूर्ण आराखडा

सुरुवातीला चार बार गिटारचा नुसता खर्ज: सहावी मोकळी तार आणि दुसरी मोकळी तार. पहिलं कडवं एकट्या गिटारचं. दुसऱ्यात ओळ १ आणि ३ व्हिसलकडे, २ आणि ४ गिटारकडे. व्हिसल वाजत असताना गिटार फक्त बेस देते, आणि गिटारच्या ओळींत व्हिसल पूर्ण गप्प. तिसऱ्यात व्हिसलच्या जागी व्हायोलिन. त्याने विचारलं, तिने उत्तर दिलं, असा हा जोड आहे.

मग चार बारांचा मधला तुकडा: ई मायनर दोन बार, ए मेजर दोन बार. शुद्ध ध इथे जरा जास्त वेळ ऐकू द्या, पुढच्या कडव्यासाठी कान तयार होतो.

चौथं कडवं सर्वांत उघडं. गिटार नाही. व्हिसल ओळ १ आणि ३ वाजवते, खाली व्हायोलिनचा सा-प. ओळ २ आणि ४ व्हायोलिन एकटीने वाजवते, खाली काहीही नाही. हे कडवं तालमीत रिकामं वाटतं आणि कोणीतरी ‘इथे गिटार थोडी घालूया’ म्हणतं. घालू नका. पालुपदाचं वाद्य गेलं आहे हेच तर सांगायचं आहे.

पाचव्यात तिघंही. शेवटी चौथ्या ओळीचे चार बार (१४ ते १७) एकट्या गिटारने पुन्हा, वेग हळूहळू ९६ वरून ८० पर्यंत उतरवत, आणि दोन बार सा-प चा मोकळा झंकार, ग न घालता.

एकूण १०४ बार, ३१२ मात्रा. ९६ च्या वेगाने सव्वातीन मिनिटं, शेवटचा उतार धरून काही सेकंद जास्त. आणखी एक कडवं जोडलं तर साधारण ३४ सेकंद वाढतात. आमच्या मते पाच पुरेत.

तालीम

मेट्रोनोम प्रत्येक मात्रेला लावला तर तिघंही तीन-तीन ठोके मोजत बसतात आणि चाल चालत नाही. फक्त पहिल्या मात्रेचा ठोका ऐकू येईल असा लावा, म्हणजे मिनिटाला ३२. वेग हमखास पळतो तो नवव्या बारमध्ये, कारण तिथे दोन मात्रा काहीच घडत नाही आणि पुढच्या सां ची घाई होते. त्या दोन मात्रा मोठ्याने मोजून तालीम करा.

एकत्र बसण्याआधी प्रत्येकाने फक्त आपली कडवी नव्हे, पूर्ण चाल आपल्या वाद्यावर पाठ केलेली असावी. ज्याला चाल येत नाही त्याला गप्प बसण्याच्या जागा कळत नाहीत.

रेकॉर्डिंग

घरी एकेक वाद्य वेगळं घ्यायचं तर आधी गिटार, तीही ठोक्याबरोबर. चौथ्या कडव्यात गिटार नसल्यामुळे तिथे ठोका पुढे चालू ठेवायला विसरू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

गिटारचा माइक बाराव्या पडद्यासमोर २५ ते ३० सेंटिमीटरवर. आवाजाच्या भोकासमोर ठेवला तर सहावी तार गुरगुरते. व्हिसलसाठी अर्धा मीटर तरी अंतर, आणि माइक फुंकेच्या सरळ रेषेत नको. व्हायोलिनसाठी वरून, ६० ते ८० सेंटिमीटर. पंखा बंद, फ्रिज दुसऱ्या खोलीत. हे साधं वाटतं, पण चौथ्या कडव्याच्या शांततेत फ्रिजची घरघर स्पष्ट ऐकू येते.

मिक्स करताना गिटारचा खालचा भाग ६० ते ७० हर्ट्झखाली कापा. त्याहून वर गेलात तर ८२ हर्ट्झची मोकळी सहावी तारच पातळ होते, आणि तीच तर खर्ज आहे. व्हायोलिन १८० खाली, व्हिसल ३०० खाली बिनधास्त कापता येते, त्यांचे सर्वांत खालचे स्वर त्याच्या वरच आहेत. रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा, दीड ते दोन सेकंदांचा, तिघांना एकच, म्हणजे तिघं एका खोलीत बसल्यासारखे वाटतील.

हक्काचा प्रश्न

चाल पारंपरिक आहे, तिच्यावर कुणा एकाची मालकी नाही. पण विशिष्ट संयोजनं मालकीची असतात. इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थी यांनी १९६५ मध्ये रेकॉर्ड केलेली गिटारची साथ आणि सायमन-गारफंकल या अमेरिकन गायकजोडीने १९६६ मध्ये या बॅलडला जोडलेलं दुसरं गाणं ही ताज्या काळातली कामं आहेत. त्यांचं पिकिंग किंवा ती जोडचाल उचलू नका. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगीतरचनेचं संयोजन हे रूपांतर म्हणून वेगळं धरलेलं आहे. म्हणजे तुमचं स्वतःचं संयोजनही तुमचं असतं. ध्वनिफीत टाकताना ‘पारंपरिक चाल, संयोजन अमुक’ असं लिहा. व्हिडिओ मंचांची स्वयंचलित यंत्रणा कधी कधी पारंपरिक चालीवरही दावा लावते. त्यासाठी लिहिलेलं नोटेशन आणि प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक तारखेसह जपून ठेवा.

फाइल बाहेर काढताना शेवटच्या झंकारानंतर लगेच कापू नका. गिटारचा सा-प पूर्ण विरायला सहा-सात सेकंद लागतात. ते संपू द्या, त्यानंतरची एक सेकंद शांतताही ठेवा, आणि मग शेवटाची खूण लावा.